यकृताचा कर्करोग आणि पी. टी. ची नोंद

यकृत आणि प्लीहा ही रक्तवह स्रोतसाची मूलस्थाने होत, असे चरकसंहितेत सांगितले आहे. यकृताच्या कर्करोगाचा रुग्ण समोर असता याची प्रचीती प्रोथ्रॉम्बिन टाइमच्या, म्हणजेच पी. टी. च्या अहवालात येते. रक्त गोठविणारे बहुतेक घटक यकृतातच तयार होतात. त्यांतील सातव्या घटकाचे अर्धायुष्य जेमतेम सहा तासांचे. म्हणून यकृताचे बल घटले की अल्ब्युमिन उतरण्याआधीच पी. टी. वाढू लागतो.

काही वर्षांपूर्वी अशा एका रुग्णाच्या पत्रकावर आम्ही 'पी. टी. १.५' एवढेच लिहून ठेवले होते. मूळ अहवाल त्याच्या गावी राहिला. पुढे गुडघ्याच्या वेदनेसाठी जलौकावचरणाचा विचार निघाला, तेव्हा हे १.५ म्हणजे साधे गुणोत्तर की आय. एन. आर., हे आम्हालाच सांगता येईना. जळवेच्या लाळेतील हिरुडिन थ्रॉम्बिनला निष्प्रभ करते. आम्ही जळवा लावणे रहित केले. चूक प्रयोगशाळेची नव्हती, आमच्या लेखणीची होती.

रुग्णाचा काळ १८ सेकंद व कंट्रोल १२ सेकंद असल्यास गुणोत्तर १.५ येते. अभिकर्मकाचा आय. एस. आय. १.० असेल, तर आय. एन. आर. ही १.५ च, पण तो १.४ असेल, तर आय. एन. आर. सुमारे १.७६ होतो. चाइल्ड-प्यू गणनेत १.७ च्या खाली एक गुण, १.७ ते २.३ ला दोन आणि त्यापुढे तीन गुण. प्यू यांनी १९७३ मध्ये या गणनेत पोषणाच्या जागी पी. टी. घातला, आजही कर्करोगतज्ज्ञ उपचार ठरविताना ही श्रेणी पाहतात. एका गुणाने श्रेणी बदलू शकते. शिवाय आय. एन. आर. ची पद्धत मुळात वॉरफरिन घेणाऱ्यांसाठी बसविलेली; यकृतविकारात निरनिराळ्या अभिकर्मकांतील फरक तिने पुरता मिटत नाही. म्हणून शक्यतो प्रयोगशाळा एकच ठेवावी.

कामला असल्यास आणखी एक पेच असतो. पित्तमार्ग रुद्ध झाला की 'के' जीवनसत्त्वाचे शोषण होत नाही व पी. टी. वाढतो. ते सुईवाटे दिल्यावर पी. टी. बऱ्यापैकी खाली आला, तर दोष मार्गावरोधाचा. फारसा हललाच नाही, तर यकृतपेशीच थकल्या असे समजावे. पण सुई कधी दिली याची नोंद नसेल, तर हा भेद कळणार कसा?

आता आम्ही असे लिहितो : तारीख, प्रयोगशाळा, रुग्ण १८ से., कंट्रोल १२ से., आय. एस. आय. १.४, आय. एन. आर. १.७६, 'के' जीवनसत्त्व – नाही, प्लाझ्मा – नाही, वॉरफरिन – नाही. सायट्रेटची नळी अर्धवट भरली तरी काळ खोटाच वाढतो. अनपेक्षित आकडा आल्यास आम्ही आधी तेच विचारतो.

बिंबिकांचे कार्य मात्र पी. टी. त दिसत नाही. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याचा पी. टी. निर्दोष येऊ शकतो. आमच्या औषधालय-चालक बंधूंना येथे विनंती, की अशा रुग्णाने वेदनाशामक गोळी मागितल्यास ती देण्यापूर्वी त्याच्या वैद्यांना वा डॉक्टरांना दूरध्वनी करावा.