सार्वजनिक इमारतींच्या वास्तुशैलीवरील शासकीय बंधने

शासकीय कचेऱ्या, न्यायालये, शाळा, रुग्णालये यांसारख्या सार्वजनिक इमारतींची वास्तुशैली, उंची, दर्शनी भाग किंवा बांधकामाचे साहित्य शासनाने ठरवून देण्याच्या प्रथेस वास्तुशैलीवरील शासकीय बंधने असे म्हणता येईल. ही बंधने दोन मार्गांनी येतात. कधी शासन इमारतीचे मालक या नात्याने विशिष्ट शैलीचा आग्रह धरते, तर कधी जुन्या स्मारकांच्या रक्षणासाठी त्यांच्या परिसरातील सर्वच बांधकामांवर नियम घालते. महाराष्ट्रात पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण मुंबई शहर आहे. दुसऱ्या प्रकाराचा प्रत्यय पुणे जिल्ह्याच्या जुन्नर परिसरात येतो.

मुंबई इलाखा

सर बार्टल फ्रियर हे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर शासकीय इमारतींची रांग उभी करण्याचे ठरले. या कामी जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाची मदत घेण्यात आली. गॉथिक शैली सक्तीची करणारा स्वतंत्र कायदा झाला नाही. परंतु जागा, पैसा आणि मंजुरी एकाच हाती असल्याने कायद्याची गरजही पडली नाही. सचिवालय (१८७४), उच्च न्यायालय (१८७८), विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई मनोरा (१८७८) या इमारती त्यातून उभ्या राहिल्या.

पुढील पिढीत सरकारची आवड बदलली. जॉन बेग व जॉर्ज विटेट या सल्लागार वास्तुविशारदांनी विजापूरच्या आदिलशाही इमारतींतील घुमट व कमानी शासकीय बांधकामात आणल्या. जनरल पोस्ट ऑफिस व प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) ही त्याची उदाहरणे होत. ही शैली ‘भारतीय’ म्हणून स्वीकारली गेली खरी, पण भारतीय काय हे ठरविणारे अधिकारी इंग्रज होते. मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींच्या समूहाचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

जुन्नर

जुन्नर शहराभोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी असून त्यांतील बहुसंख्य सातवाहन काळातील आहेत. शहराच्या पश्चिमेस शिवनेरी किल्ला आहे. लेण्याद्री, तुळजा व मानमोडी हे प्रमुख लेणीसमूह आहेत. शिवनेरी व ही लेणी केंद्र शासनाची संरक्षित स्मारके असल्याने त्यांच्या परिसरास १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम लागू होतो. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र विनियमित ठरविण्यात आले. २०१० च्या दुरुस्तीने या तरतुदी मूळ अधिनियमातच आल्या आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन करण्याची तरतूद झाली.

या दुरुस्तीचा कठोर भाग सार्वजनिक कामांविषयीचा आहे. प्रतिबंधित क्षेत्रात लोकोपयोगी प्रकल्पालाही परवानगी देता येत नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतींची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. नवी इमारत बांधता येत नाही. ‘बांधकाम’ या शब्दाच्या कायदेशीर व्याख्येतून मात्र सार्वजनिक शौचालये, गटारे, लोकांसाठीचा पाणीपुरवठा व वीजवितरण यांची कामे वगळली आहेत. त्यामुळे लेण्याच्या पायथ्याशी शौचालय होऊ शकते, पण तेथे शाळेची नवी खोली होऊ शकत नाही. उल्लंघनास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. प्रतिबंधित क्षेत्रात सार्वजनिक कामांना वाट मोकळी करणारे दुरुस्ती विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाले. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठविले.

शैलीचा प्रश्न प्रामुख्याने विनियमित क्षेत्रात येतो. अधिनियमाच्या कलम २०-ई नुसार प्रत्येक संरक्षित स्मारकासाठी वारसा उपविधी तयार करावयाचे असून इमारतींची उंची व दर्शनी भाग, तसेच गटारे, रस्ते, विजेचे खांब व जलवाहिन्या हे त्यांचे विषय आहेत. ग्रामपंचायतीचे कार्यालय असो वा खासगी घर, दोहोंना हे उपविधी सारखेच लागू पडतात.

लेण्याद्रीत ही गुंतागुंत वाढते. तेथील सातव्या क्रमांकाच्या लेण्यात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान असल्याने ते एकाच वेळी बौद्ध विहार, संरक्षित स्मारक व वर्दळीचे तीर्थक्षेत्र आहे. यात्रेकरूंना निवारा व सावली हवी असते, तर स्मारकाच्या दृष्टीने डोंगराची कडा उघडी राहणे इष्ट असते. शिवनेरीचा समावेश जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांच्या समूहात जागतिक वारसा यादीत झाल्याने त्याच्या परिसरातील बांधकामाचा विषय आता स्थानिक राहिलेला नाही.

‘पारंपरिक शैली’ कोणती?

दर्शनी भाग परिसराशी सुसंगत असावा, असा नियम केला तरी जुन्नरमध्ये कोणत्या परंपरेशी सुसंगत, हा प्रश्न उरतो. येथे सातवाहनकालीन लेणी आहेत, निजामशाहीच्या प्रारंभीच्या राजधानीच्या खुणा व घुमट आहेत, आणि दगडी जोत्यावर विटा व लाकूड वापरून बांधलेले वाडेही आहेत. लेण्यांतील कमानी व वेदिका या मुळात लाकडी बांधकामाच्या दगडातील प्रतिकृती आहेत, म्हणजे ‘मूळ’ मानली जाणारी शैलीही अनुकरणातूनच आली. लेण्यांतील शिलालेखांत नहपानाच्या अयम या अमात्याचा उल्लेख आहे. पण धान्याचे व्यापारी, कासार यांच्या श्रेणी व यवन दातेही तेथे आढळतात. देणगीदार इतके भिन्न असूनही चैत्य व विहारांत साधर्म्य दिसते. ते एखाद्या राजाज्ञेपेक्षा कारागिरांच्या समान परंपरेतून आले असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

आंबेगाव

आंबेगाव तालुक्यात वारशापेक्षा पुनर्वसनाने शासकीय नकाशे आणले. तालुक्याला ज्याचे नाव आहे, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव येथे आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर दरड कोसळून १५० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. नवे गाव आमडे येथे वसविण्यात आले व २ एप्रिल २०१७ रोजी ते ग्रामस्थांच्या स्वाधीन झाले. घरे व सार्वजनिक इमारती एकाच शासकीय आराखड्यानुसार भूकंपरोधक पद्धतीने बांधण्यात आल्या. तेथे शैलीपेक्षा सुरक्षिततेचा निकष निर्णायक होता. तरीही पहिल्याच पावसाळ्यात भराव व रस्ते खचल्याच्या तक्रारी आल्या.

इतर देश

अमेरिकेत १९६२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अधिकृत शैली टाळावी असे म्हटले होते. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष डॉनल्ड ट्रम्प यांनी संघीय इमारतींसाठी अभिजात शैलीस प्राधान्य देणारा आदेश काढला; फेब्रुवारी २०२१ मध्ये जो बायडेन यांनी तो रद्द केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी त्याच आशयाचा नवा आदेश काढला.