पाठीवरचे बिऱ्हाड आणि बंद दार

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मराठीत आजवर काहीशा कणवेने वापरली गेली. दर दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेल्या शिक्षकाच्या वा कारकुनाच्या संसाराचे ते वर्णन. आता मात्र पाठीवरचे बिऱ्हाड ही हौसेची वस्तू झाली आहे. जर्मनीत १९५१ साली वेस्टफालिया या कंपनीने फोक्सवॅगनच्या गाडीत बिछाना आणि कपाटे बसविण्यास प्रारंभ केला. त्यानंतर युरोपात चांगलाच रुजलेला हा प्रकार आता भारतातही आला असून, २०२१ साली महाराष्ट्र व केरळ या दोन्ही राज्यांनी कॅरव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली. याखेरीज जुनी व्हॅन घेऊन ओळखीच्या गॅरेजात तिला झोपण्या-रांधण्याजोगी करून घेणारे हौशी प्रवासी आहेत, ते वेगळेच.

अशा प्रवासास निघणाऱ्यास वडीलधारी माणसे जे बजावतात, ते सारे बाहेरच्या संकटांविषयी असते. अंधार पडण्यापूर्वी मुक्काम करावा, निर्जन जागी थांबू नये, पेट्रोल पंप वा धाबा जवळ असावा, दारे आतून लावावीत, चालकाची जागा मोकळी ठेवून किल्ली हाताशी असू द्यावी. हा उपदेश चुकीचा नाही. तथापि त्याचा परिणाम असा होतो की, माणूस चोराच्या, जनावराच्या व डासांच्या भीतीने गाडीची प्रत्येक फट बुजवितो आणि आता आपण सुरक्षित झालो असे समजून निजतो. वस्तुतः नेमक्या याच क्षणी एका निराळ्या संकटाला आरंभ होऊ शकतो.

२३ डिसेंबर २०२४ रोजी केरळातील वडकरा येथे महामार्गाच्या कडेला बराच वेळ उभ्या असलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत आढळली. एक गाडीचा चालक, दुसरा त्याचा सहकारी. चोरी नव्हती, झटापट नव्हती. मृत्यूचे कारण कार्बन मोनॉक्साइड हे निघाले. पुढे कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी त्या गाडीची तपासणी केली. गाडीतील जनित्राचा धूर तळाच्या एका भोकातून आत येत होता आणि दोन तासांत या वायूचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांमागे साडेनऊशेच्या वर जात होते, असे त्यांना आढळले. इतक्या प्रमाणात माणूस दोन तासांच्या आतबाहेर शुद्ध हरपतो. झोपलेला माणूस तर जागाच होत नाही.

या वायूची दुष्टता त्याच्या अबोलपणात आहे. त्यास रंग नाही, वास नाही. स्वयंपाकाचा गॅसही मुळात जवळजवळ निर्गंधच. परंतु गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळले जाते. ज्वलन अपुरे झाल्यामुळे आपोआप निर्माण होणाऱ्या वायूत असा वास कोण मिसळणार? तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. प्रथम डोके दुखते, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते. आणि दिवसभराच्या प्रवासानंतर यांत वावगे असे काहीच वाटत नाही. थकवा समजून माणूस आडवा होतो.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये, हे शहाणपण घराघरांत आहे. मग गाडीत ते का विसरले जावे? दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. व्हॅनच्या मागल्या भागात ती जेमतेम नऊ-दहा घनमीटर भरते. खोलीत जे विष चढण्यास काही तास लागतील, ते येथे त्याच्या अंशभर वेळात चढते. थंडीसाठी पेटती ठेवलेली शेगडी, पावसामुळे आत आणलेले विझू घातलेले निखारे, वातानुकूलनासाठी रात्रभर चालू ठेवलेले इंजिन वा जनित्र, ही सारी एकाच जातीची संकटे होत. खिडकी दोन बोटे उघडी ठेवली म्हणजे भागते, हाही भ्रमच. झरोके हवेतच आणि ते बुजवू नयेत. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो बाहेर जाण्यासाठी तळाशीही वाट हवी. परंतु त्या वाटेखालीच जनित्र धूर सोडीत असेल, तर तीच वाट विष आत आणील. वडकऱ्याचा धडा हाच आहे. म्हणून नियम एकच, आणि तो निरपवाद असावा: गाडीत माणूस झोपलेला असताना तिच्यात वा तिच्याखाली काहीही जळता कामा नये.

माणूस मात्र चुकतो. त्यासाठी युरोपात अशा वाहनांकरिता सूचक घंटेचे स्वतंत्र मानक आहे. त्यानुसार हा वायू दहा लाखांमागे तीनशे भाग झाला की तीन मिनिटांच्या आत घंटा वाजलीच पाहिजे. एका मुक्कामाच्या खर्चाच्या मानाने ही वस्तू महाग नाही. भारतात मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमान्वये वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. परंतु गॅरेजात गुपचूप केलेला बदल कोणाच्याही तपासणीस येत नाही. दंडाच्या धाकाने तो अधिकच लपविला जातो. तेव्हा परिवहन कार्यालयांनी असे बदल सुकर रीतीने नोंदवून घ्यावेत आणि त्या वेळी धुराचा मार्ग, झरोके व घंटा या तीन गोष्टी पाहाव्यात, हे अधिक हिताचे. पर्यटन खात्यांनीही वाहनतळावर विजेची जोडणी दिली, तर रात्री जनित्र चालविण्याचे कारणच उरणार नाही.

यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. वडकऱ्यास मेलेले दोघे हौशी प्रवासी नव्हते; ते गाडीवर पोट असलेले नोकर होते. प्रवासी हॉटेलात वा लग्नघरी उतरतात, आणि त्यांना आणणारा चालक गाडीतच काचा लावून निजतो, हे दृश्य कोणत्याही पर्यटनस्थळी वा मंगल कार्यालयापुढे दिसते. कॅरव्हॅनच्या जाहिरातीत हा माणूस नसतो. त्याच्या झोपण्याची सोय कोठे आहे, हा प्रश्न धोरण आखणाऱ्यांनी आणि गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी आधी विचारावयास हवा.