मुलांसाठी पहिली गिटार घेताना



मागच्या वर्षी माझ्या मुलीने गिटारचा हट्ट धरला. ती तेव्हा तिसरीत होती. मी मोबाईलवर फोटो बघून दोन हजारांतली एक काळी, चकचकीत गिटार मागवली. पंधरा दिवस वाजली आणि गेली कपाटावर. "आजकालच्या मुलांना चिकाटीच नाही," असं तिला बोलूनही झालं माझं. दिवाळीत ओळखीचे एक गिटार शिकवणारे सर घरी आले. त्यांनी ती गिटार काढली, एक तार दाबली आणि म्हणाले, "मॅडम, ही माझ्याच बोटाला लागतेय. लेकराचं काय होणार?"

तिची बोटं दुखत होती, आणि मी त्याला कंटाळा समजले. एक वर्गशिक्षिका म्हणून मला हे फार लागलं. म्हणून हा लेख.

दुखण्याचं मोठं कारण म्हणजे तारेची उंची. गिटारच्या मानेवर धातूचे आडवे पडदे असतात. तार पडद्यांपासून जितकी उंच, तितकी ती दाबायला जोर जास्त. दुकानात जाताना कंपासपेटीतली नको, स्टीलची पट्टी न्या. (प्लास्टिकच्या पट्टीचा शून्य कडेपासून थोडा आत असतो, हे आपण मुलांना शिकवतोच!) बाराव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांतलं अंतर मोजा. स्टीलच्या तारांच्या गिटारला दोन ते तीन मिलिमीटर, नायलॉनच्या गिटारला तीन ते चार चालतं. आमच्या गिटारला पाच भरलं!

तिथेच आणखी एक गोष्ट तपासा. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. म्हणून मोकळी तार 'सा' मानली, तर तिथे दाबल्यावर वरचा 'सा' मिळायला हवा. पेटीवर सा ते वरचा सा बारा पट्ट्यांचं अंतर असतं, तसंच हे. स्वर बेसूर लागला तर ती गिटार घेऊ नका. अपूर्णांक शिकवताना मी आता हेच उदाहरण देते, पोरं खूश होतात.

लहान मुलांना माझ्या मते नायलॉनच्या तारांचीच गिटार द्यावी. तिच्या तारांचा ताण कमी असतो, बोटांना कमी टोचतं. आवाज थोडा मऊ येतो, सिनेमातल्यासारखा खणखणीत नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. आणि नायलॉनच्या गिटारला हौसेने स्टीलच्या तारा कधीही चढवू नका, त्या ताणाने घोडी उखडते. मोठं मूल स्टीलचीच मागत असेल तर पातळ तारांचा सेट लावून घ्या.

आकाराचं म्हणाल तर मोठ्यांच्या गिटारची तार साधारण ६५ सेंटीमीटर लांब असते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला बहुधा पाऊण आकाराची बसते, त्याहून लहानाला अर्धी. पण वयापेक्षा हात बघा. मूल खुर्चीवर ताठ बसलं असताना डावा हात न ताणता पहिल्या पडद्यापर्यंत पोहोचला पाहिजे. 'वाढत्या अंगाची' म्हणून आपण गणवेश मोठा घेतो, गिटार तशी घेऊ नये. फोटो बघून तर नकोच. मुलाला दुकानात न्या.

आमची काळी गिटार दुरुस्तीला दिली. घोडीवरची पट्टी घासून तारा खाली आल्या. आता ती अकरावीतला भाचा वाजवतो. मुलीला पाऊण आकाराची नायलॉनची घेतली आणि आधी तिची माफी मागितली.

नव्या नायलॉनच्या तारा सुरुवातीचे काही दिवस ताणल्या जातात, त्यामुळे स्वर सारखा उतरतो. गिटार खराब निघाली असं समजू नका. मोबाईलवर फुकटचं ट्यूनर ॲप मिळतं, रोज वाजवायच्या आधी स्वर लावून घ्या. आमच्याकडे हे काम आता तीच करते, मला हात लावू देत नाही.