हवा कोंडूनही न विझणारी आग: ऑक्सिडक रसायनांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती
अमोनियम नायट्रेट, सोडियम क्लोरेट, पोटॅशियम परमँगनेट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि गावोगावच्या विहिरींत टाकली जाणारी टीसीएल पावडर ही सारी ऑक्सिडक रसायने होत. रासायनिक अभिक्रियेत जो पदार्थ दुसऱ्याला ऑक्सिजन पुरवतो किंवा त्याच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेतो, त्याला ऑक्सिडक म्हणतात. यांपैकी बहुतेक रसायने स्वतः जळत नाहीत, आणि जे जळत नाही त्यापासून आगीचे भय नाही, असा समज त्यावरूनच रूढ झाला आहे. प्रत्यक्षात लाकूड, कागद, गोणपाट, डिझेल किंवा वंगण अशा जळाऊ पदार्थांशी त्यांची गाठ पडली की आग सहज लागते आणि वेगाने भडकते. परमँगनेटच्या कोरड्या स्फटिकांवर ग्लिसरीन पडले तर काडी न ओढताही थोड्याच वेळात ज्वाला उठते. म्हणूनच टीसीएलचे पोते आणि पंपाच्या डिझेलचा कॅन एकाच खोलीत ठेवण्याची सवय घातक ठरू शकते.

याहून महाग पडलेला गैरसमज म्हणजे हवा कोंडली की कोणतीही आग विझते, हा होय. इंधन, उष्णता आणि ऑक्सिजन यांतील एक काढून घेतले की ज्वलन थांबते हे खरे असले, तरी ऑक्सिडकाच्या आगीत ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून येत नसून रसायनातूनच सुटत असल्यामुळे झाकण लावून तो तोडता येत नाही. 16 एप्रिल 1947 रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी बंदरात ग्रँडकॅम्प या जहाजाच्या तळघरात कागदी पोत्यांतील अमोनियम नायट्रेटने पेट घेतला, तेव्हा पाण्याने माल खराब होऊ नये म्हणून कप्तानाने झाकणे बंद करून आत वाफ सोडण्याचा आदेश दिला. वाफेने हवा हटली असेलही, परंतु त्याबरोबर तळघरातील उष्णता आणि दाब वाढत गेला. नारिंगी धूर पाहायला धक्क्यावर लोक जमले आणि सकाळी 9 वाजून 12 मिनिटांनी सुमारे 2,300 टन मालाचा स्फोट झाला. किमान 581 माणसे मेली आणि शहराच्या स्वयंसेवी अग्निशमन दलातील 28 पैकी 27 जवान त्यांत होते. अर्धशतकाने, 11 मे 1996 रोजी, व्हॅल्यूजेटच्या 592 क्रमांकाच्या विमानाच्या मालकक्षात सोडियम क्लोरेटवर चालणारी ऑक्सिजन-निर्मितीची उपकरणे पेटली. तो कक्ष हवाबंद असल्याने आतील आग आपोआप गुदमरेल, अशा विश्वासावरच बांधलेला होता. विमानातील सर्व 110 जण मृत्युमुखी पडले. हवाबंद कप्प्याला सुरक्षित मानण्याची चूक दोन्हीकडे एकच होती.

भिंतीवर टांगलेला लाल सिलिंडर सर्व आगींवर चालतो, हा समजही याच तर्काने कोसळतो. कार्बन डायऑक्साइड हवा हटवतो, त्यामुळे येथे त्याचा उपयोग मर्यादित राहतो. एबीसी पावडरमध्ये प्रामुख्याने मोनोअमोनियम फॉस्फेट हा अमोनियमचा क्षार असतो आणि क्लोरीनयुक्त ऑक्सिडकाशी त्याचा संयोग झाल्यास नायट्रोजन ट्रायक्लोराइड हे स्फोटक संयुग बनण्याचा धोका असतो. अशा आगीवर सामान्यतः पाणीच उपयोगी पडते. ते हवा अडवते म्हणून नव्हे, तर उष्णता ओढून घेते म्हणून, आणि तेही दुरून, भरपूर प्रमाणात मारले तरच. मात्र 'पाणी नेहमीच बरोबर' असा उलटा नियमही करून चालत नाही. सोडियम पेरॉक्साइड पाण्याशी जोरदार अभिक्रिया करते, तर जलतरण तलावांसाठी वापरले जाणारे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल थोड्या पाण्याने भिजले की तापून विषारी वायू सोडते. 29 सप्टेंबर 2024 रोजी अमेरिकेतील कॉन्यर्स येथे फवाऱ्याचे पाणी अशा साठ्यावर पडल्यामुळे सुमारे 17,000 लोकांना घरे सोडावी लागली. तेव्हा रसायनाचे नाव कळल्याशिवाय अप्रशिक्षित माणसाने नळी उचलू नये, हेच शहाणपणाचे.

सांडलेले ऑक्सिडक भुशाने टिपून घेण्याची रीतही मोडली पाहिजे, कारण भुसा, चिंध्या आणि कागद हे त्याला हवे असलेले इंधनच होय. कोरडी वाळू वापरावी, पावडर स्वच्छ फावड्याने कोरड्या डब्यात भरावी आणि झाकण सैल ठेवावे, म्हणजे आत वायू साचून डबा फुटणार नाही. अंगावर उडालेले द्रावण वाळले की धोका टळला, असे मानणाऱ्याच्या लक्षात येत नाही की असे कपडे वाळल्यावरच सहज पेट घेतात; ते ताबडतोब उतरवून त्वचा भरपूर पाण्याने धुवावी. नायट्रेटच्या आगीचा तांबूस-तपकिरी धूर श्वासात गेलेल्याला लगेच काही झाले नाही, तरी फुप्फुसात पाणी भरण्याची लक्षणे काही तासांनी दिसू शकतात, म्हणून त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवणे आवश्यक असते.

'खतच ते, त्याला काय होते' या बेफिकिरीला भारताच्या कायद्यात जागा नाही: 45 टक्क्यांहून अधिक अमोनियम नायट्रेट असलेला साठा 2012 च्या अमोनियम नायट्रेट नियमांखाली येतो आणि त्यांची अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेली पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, करते. टेक्सासमधील वेस्ट या गावी 17 एप्रिल 2013 रोजी लाकडी कप्प्यांत ठेवलेले हेच खत आग दिसल्यापासून साधारण वीस मिनिटांत उडाले. मेलेल्या 15 जणांपैकी 12 जण मदतीला धावलेले होते. अमोनियम नायट्रेटचा टँकर आगीत सापडल्यास मदतपथकांसह सर्वांनी 1,600 मीटर दूर जावे, असे उत्तर अमेरिकेतील आपत्कालीन मार्गदर्शक पुस्तिका सांगते. माल तापला असेल तर 'गाडी मोकळ्या जागी नेऊ' हा प्रयत्नही करू नये.

रस्त्यावर असे वाहन पेटलेले दिसल्यास वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे ज्या बाजूने वारा येतो तिकडे, सरकावे. वर्तुळावर ज्वाला आणि खाली 5.1 हा आकडा असलेला पिवळा चौकोन दिसला, तर ते ऑक्सिडक आहे असे समजावे आणि फलकावरील चार आकडी क्रमांक, उदाहरणार्थ अमोनियम नायट्रेटचा 1942, दुरूनच वाचून 112 वर कळवावा. तो वाचता येत नसेल तर त्यासाठी जवळ जाऊ नये. चौकोनाचा रंग आणि धुराचा रंग सांगितला तरी अग्निशमन दलाला पुढची तयारी करता येते.