लाल दिवा लागला म्हणजे बॅटरी गेली?

‘लाल दिवा बंद होईना, बॅटरी गेली वाटतं.’ जुन्या येझदीबद्दल हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता आधी एक मोठा श्वास घेतो आणि मगच तोंड उघडतो. सोनारीत चैत्रात काळभैरवनाथाची यात्रा भरते, तेव्हा तर ते हमखास कानावर पडतं. पुण्या-मुंबईला कामाला गेलेली पोरं गावी येतात, गोठ्याच्या कडेला पोत्यांखाली झाकलेली आजोबांची गाडी बाहेर काढतात, पुसतात, किक मारतात. गाडी सुरूही होते. पण हेडलाइटच्या डोक्यावरचा तो बारका लाल दिवा काही विझत नाही. भोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी मान हलवून निदान सांगतो आणि पोरगं बार्शीला जाऊन सहा व्होल्टची नवी बॅटरी घेऊन येतं. थोड्याच दिवसांत तीही उतरते. मग पुढचं वाक्य तयारच असतं: ‘हल्लीच्या बॅटऱ्यांत दमच नाही.’

दम बॅटरीत असतो. तो निदान करणाऱ्यात नसतो.

एक साधी गोष्ट विचारात घ्या. इंजिन बंद असताना किल्ली फिरवली की तो दिवा लागतो. तो कशावर लागतो? बॅटरीवरच. दुसरी वीज त्या वेळी गाडीत असतेच कुठे? बॅटरी खरोखर मेलेली असती, तर लाल दिवा मुळात पेटलाच नसता. दिवा लख्ख जळतोय याचा पहिला अर्थ बॅटरीत जीव आहे, हाच. ज्या दिव्याने बॅटरी जिवंत असल्याची साक्ष द्यायची, त्यालाच आपण तिच्या मरणाचा साक्षीदार करून टाकलंय.

मग तो दिवा सांगतो काय? म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून 1996 पर्यंत आधी जावा आणि मग येझदी नावाने ज्या गाड्या तयार झाल्या, त्यांतल्या बहुतेकींमध्ये क्रँकच्या उजव्या टोकाला सहा व्होल्टचा, 45 वॅटचा डायनॅमो असे. (शेवटच्या काळातल्या सीडीआयवाल्या रोडकिंगचं गणित वेगळं आहे, ती इथे बाजूला ठेवू.) लाल दिव्याची एक वायर किल्लीतून बॅटरीकडे जाते आणि दुसरी डायनॅमोकडे. इंजिन बंद असताना डायनॅमोच्या बाजूला व्होल्टेज शून्य, बॅटरीच्या बाजूला सहा, म्हणून दिव्यातून वीज वाहते आणि तो लागतो. इंजिन वेग घेतं, डायनॅमोचं व्होल्टेज चढतं आणि बॅटरीच्या बरोबरीला येतं. दोन्हीकडे सारखंच व्होल्टेज झालं, की दिव्यातून वाहायला काही उरत नाही आणि तो विझतो. थोडक्यात, तो चार्जिंगचा दिवा आहे. ‘डायनॅमोकडून अजून वीज येत नाहीये’ एवढंच तो सांगतो. बॅटरीच्या तब्येतीविषयी त्याला काहीही कळत नाही.

म्हणजे गाडी आळसात उभी असताना, इंजिन मंद ठकठकत असताना दिवा मिणमिणला तर घाबरायचं कारण नाही. त्या वेगाला डायनॅमो पुरेशी वीज देतच नाही, त्याची घडणच तशी आहे. काही जण दिवा विझावा म्हणून कार्बोरेटरचा स्क्रू पिळून आयडलिंग वाढवून ठेवतात. दिवा विझतो, पेट्रोल मात्र वाहत राहतं. थ्रॉटल थोडा दिल्यावर दिवा विझला की गाडी ठीक आहे. चांगला वेग घेऊनही तो विझला नाही, तरच शोध घ्यायचा.

तो शोध बॅटरीपासून नाही, डायनॅमोपासून सुरू करायचा. उजवं कव्हर काढा. डायनॅमोचे दोन कार्बन ब्रश असतात. ते झिजून आखूड झालेत का, आपल्या खोबणीत अडकून बसलेत का, त्यांच्या स्प्रिंगला जोर उरलाय का, हे बघा. ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर काळा आणि तेलकट असेल, तर पेट्रोलच्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पुसूनही आठवड्याभरात पुन्हा तेल दिसलं, तर त्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलंय. तेव्हा ब्रश बदलून उपयोग नाही, आधी सील बदलायला हवं. वर्षानुवर्षं गोठ्यात उभ्या असलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायर आणि गंज चढलेली अर्थिंग हे दोन संशयित तर कायमचेच. मी स्वतः अर्थिंगपासून सुरुवात करतो, कारण ती घासायला पॉलिश पेपरचा एक तुकडा पुरतो.

ब्रश ठीक, वायर ठीक, तरी दिवा जळतोच? मग रेग्युलेटर आणि कटआउटकडे वळा. कटआउट म्हणजे डायनॅमोचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा वर गेलं की दोघांना जोडणारा आणि खाली आलं की तोडणारा संपर्क. त्याच्या टोकांवर काजळी धरली, की एक गमतीदार लक्षण दिसतं: आयडलला दिवा लागतो, मधल्या वेगाला विझतो आणि जास्त वेगाला पुन्हा मंद लागतो. कारण आता डायनॅमोच्या बाजूचं व्होल्टेज बॅटरीच्या वर गेलेलं असतं आणि वीज दिव्यातून उलट्या दिशेने वाहते. दिव्याला दिशेशी काही देणंघेणं नसतं. आणि हाच संपर्क उलटा चिकटून बसला, तर उभ्या गाडीत बॅटरी डायनॅमोमधून रिकामी होत राहते. ‘रात्रीत बॅटरी बसली’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं, आणि त्यावरही उपाय म्हणून नवी बॅटरीच आणली जाते.

ज्याला शंका असेल त्याने साधा मल्टिमीटर वापरावा. इलेक्ट्रिकच्या दुकानात तो नव्या बॅटरीपेक्षा खूप स्वस्त मिळतो. इंजिन बंद असताना, रात्रभर विश्रांती झालेली भरलेली सहा व्होल्टची बॅटरी 6.3 ते 6.4 दाखवते. इंजिन सुरू करून वेग दिला की आकडा 7 च्या पुढे चढायला हवा. चढला, तर चार्जिंग होतंय. सहाच्या आसपास रेंगाळला किंवा खाली घसरला, तर चार्जिंग होत नाही. बॅटरीवर खापर फोडायचं असेल, तर ती बाहेर पूर्ण चार्ज करा, रात्रभर ठेवा आणि सकाळी मोजा. आकडा टिकला नाही, तर जरूर बदला. हे केल्याशिवाय बॅटरी विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला, दोघांनाही माझा कोपरापासून नमस्कार.

यावर हुशारीचा उपाय म्हणून ‘मोठी बॅटरी टाका, लाइट भारी पडेल’ असं सांगणारेही आहेत. विहिरीला पाणी नसताना मोठी टाकी बांधण्यातला हा प्रकार आहे. डायनॅमो 45 वॅटचाच राहतो. हेडलाइट, टेललाइट आणि इग्निशन कॉइल यांतच त्यातली जवळजवळ सगळी वीज खपते. त्यावर यात्रेतून आणलेला सात सुरांचा हॉर्न बसवला, तर बॅटरी उतरणारच, मग ती केवढीही असो.

आणि एक प्रकार सगळ्यात वाईट. दिवा विझत नाही म्हणून मिस्त्री त्याचा बल्बच काढून ठेवतो. मालकाची तक्रार मिटते, आजार मात्र आत वाढत राहतो. म्हणून जुनी गाडी विकत घेताना आधी किल्ली फिरवा आणि लाल दिवा लागतो का ते बघा. नसेल लागत, तर एक तर बल्ब नाही, नाहीतर ब्रश कम्युटेटरला टेकत नाहीत, नाहीतर बॅटरी खरंच गेलेली आहे. हो, बॅटरी गेल्याचं लक्षण हे आहे, दिवा न लागणं!

हा गैरसमज आला कुठून याचा अंदाज करता येतो. जावा हे नाव 2018 मध्ये परत आलं आणि येझदी 2022 मध्ये, पण त्या फोर-स्ट्रोक, इंजेक्शनच्या गाड्या आहेत. त्यांच्या मीटरमधले दिवे सेन्सरवर चालतात आणि ते लागले तर दुकान गाठणं योग्यच. चारचाकीत तेलाचा लाल दिवा लागला तर इंजिन तत्काळ बंद करावं, हेही खरं. हे सगळं डोक्यात घेऊन माणूस आजोबांच्या टू-स्ट्रोक गाडीपाशी येतो आणि ‘हा ऑइलचा दिवा ना?’ असं विचारतो. अहो, या गाडीला तेलाचं प्रेशर नावाची गोष्टच नाही. इंजिनचं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं आणि गिअरबॉक्सचं तेल वेगळं. त्यामुळे वाटेत लाल दिवा लागला तर गाडी तिथेच सोडून चालत येण्याची गरज नाही. पॉइंटवाली कॉइल साधारण दोन-तीन अँपिअर ओढते, बॅटरी 12-14 अँपिअर-अवरची असते. दिवसा, हेडलाइट बंद ठेवून कागदावर चारेक तास निघतात. जुन्या बॅटरीत निम्मे धरा. सोनारीहून परंड्याला किंवा बार्शीला पोचायला तेवढं भरपूर झालं.

बुलेटवाल्यांनी इथे हसू नये. त्यांच्या जुन्या गाड्यांत लाल दिव्याऐवजी अँमीटर आहे आणि त्याच्याविषयीचा गैरसमज याच घराण्यातला आहे: तो पेट्रोलच्या काट्यासारखा बॅटरी किती भरलीय ते दाखवतो, असं अनेकांना वाटतं. काटा मध्यावर आला की ‘चार्जिंग बंद पडलं’ म्हणून धावपळ. अँमीटर फक्त वीज बॅटरीत जातेय की बाहेर पडतेय, हे दाखवतो. बॅटरी भरली की काटा मध्यावर येऊन बसणं हीच त्याची चांगली बातमी. जुन्या लोकांना या काट्याचा आणखी एक उपयोग माहीत होता. किल्ली चालू करून किक हळू दाबत न्यायची. पॉइंट मिटलेले असताना काटा उणेकडे झुकतो, उघडले की मध्यावर परततो. तो परतला की डीकॉम्प्रेसरचा लिव्हर दाबून पिस्टन थोडा पुढे काढायचा, किक वर आणायची आणि मग एकच दणका. पाय मुरगळण्यापासून वाचवणारं हे ज्ञान आहे, आणि अँमीटर फक्त शोभेला आहे म्हणणाऱ्यांना ते कधी मिळत नाही.

बाकीचे गैरसमज आता भराभर.

बुलेटच्या हेडलाइटच्या दोन बाजूंचे छोटे दिवे कसलाही इशारा देत नाहीत. ते पार्किंगचे दिवे आहेत.

येझदीचा हिरवा दिवा न्यूट्रलचा. पण जुन्या स्विचवर जीव टाकू नका. गाडी पुढे-मागे ढकलून बघा.

‘बॅटरी बसली म्हणून राजदूत सुरू होईना.’ राजदूतला फ्लायव्हील मॅग्नेटो आहे. तिच्या ठिणगीला बॅटरी लागत नाही. प्लग आणि पॉइंट बघा.

‘प्लग बाहेर काढून ठिणगी दिसली, म्हणजे इग्निशन ठीक.’ उघड्या हवेत ठिणगी पडणं सोपं. सिलिंडरमध्ये दाबाखाली तीच ठिणगी पडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं.

‘उन्हाने कॉइल तापली, ओलं फडकं गुंडाळा.’ आपल्या एप्रिलच्या उन्हात हे फडकं बरंच दिसतं. गाडी थंड असताना सुरू होते, तापली की मरते आणि पॉइंटमध्ये निळसर ठिणग्या उडतात, तर आधी कंडेन्सर बदला. तो सगळ्यात स्वस्त भाग आहे. त्यानेही भागलं नाही, तर कॉइल आतून गेलीय. फडक्याने दोन्ही दुरुस्त होत नाहीत.

‘जास्त ऑइल घातलं की इंजिनला चांगलं.’ नाही. तेल वाढलं की त्या मिश्रणातलं पेट्रोल तेवढंच कमी होतं, प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरमध्ये कार्बन साचतो.

‘बॅटरीत बोअरचं पाणी चालतं.’ आपल्या बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्यात पांढरा थर बसतो, तो बघा आणि डिस्टिल्ड वॉटर आणा.

‘सगळं इथेनॉलमुळे झालंय.’ ऊस पिकवणाऱ्या तालुक्यात हे वाक्य ऐकताना मजा वाटते, पण यात थोडं तथ्य आहे. इथेनॉल पाणी शोषतं, जुनं रबर त्याला टिकत नाही, आणि त्यात पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात, शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाक्यांचं मायलेज ई-20 वर तीन ते चार टक्के घटेल असं म्हटलंय. म्हणून पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरचे रबर वॉशर बदला, आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करा. पण लाल दिव्याचा दोष इथेनॉलला देऊ नका. ते ब्रश कुरतडत नाही.

‘पंधरा वर्षं झाली, गाडी भंगारात.’ खाजगी दुचाकीची नोंदणी फिटनेस तपासणीनंतर पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. आणि कायद्याच्या भाषेत ‘व्हिंटेज’ व्हायला गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार अशा गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, त्याची पहिली फी 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षं. मात्र त्या नंबरवर गाडी रोजच्या कामाला चालवता येत नाही. शेतावर आणि बाजाराला येझदीवरच जायचं असेल, तर साधी नोंदणीच वाढवून घ्या.

आता एकच विनंती. कुणाच्या येझदीचा लाल बल्ब काढून ठेवलेला असेल, तर तो आजच परत लावा. आणि पुढच्या वेळी कुणी ‘बॅटरी गेली’ म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: मीटर लावला होता का, आणि आकडा किती आला?