वाटाघाटींपूर्वीचा गृहपाठ

मुक्त व्यापार कराराच्या चर्चेत आयातशुल्काच्या आकड्यांवर सर्वांची नजर असते. खरी कसोटी मात्र मालाचे मूळ ठरविणाऱ्या नियमांची असते. मार्च २००० पासून लागू झालेला भारत-श्रीलंका करार याची साक्ष देतो. आयात केलेल्या पामतेलापासून श्रीलंकेत तयार झालेले वनस्पती तूप शुल्कसवलतीने भारतात येऊ लागले आणि येथील कारखानदार अडचणीत आले. पुढे या आयातीवर मर्यादा घालावी लागली. २०२० मध्ये सीमाशुल्क नियमांनी मूळ देशाच्या पुराव्याची जबाबदारी आयातदारांवरही टाकली. पण ही दुरुस्ती उशिराची. शिष्टमंडळ रवाना होण्यापूर्वीच उद्योजक, शेतकरी आणि बंदरावरील सीमाशुल्क अधिकारी यांचे म्हणणे नोंदवले जायला हवे. स्वाक्षरीनंतर सुचलेली हरकत देशाला महागच पडते.