लेझरने डाग जातो, पण कोणता?

लग्नसराई जवळ आली की आरोग्य पानाकडे एक प्रश्न हमखास येतो. 'मुलीच्या गालावर डाग आहे, लेझरने जाईल का? खर्च किती येईल?' कुणाची आई विचारते, कुणाचा भाऊ विचारतो. कुणी बचत गटातून कर्ज काढायच्या बेतात असते, तर कुणी नाक्यावरच्या पार्लरमध्ये आगाऊ पैसे भरून आलेले असते. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे. लेझर काय करते, कोणत्या डागावर चालते, कोणत्या डागावर उलटते आणि कोणता डाग पाहिल्यावर पार्लर सोडून थेट दवाखाना गाठायचा, हे नीट समजून घेऊ.

लेझर काम कसे करते?

आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते सगळ्यांच्या अंगात असते. कुणात कमी, कुणात जास्त. उन्हापासून कातडी वाचवणे हे त्याचे काम. एखाद्या जागी ते जास्त साठले की तिथे तपकिरी किंवा काळा डाग दिसतो.

पहिले लेझर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मैमन यांनी तयार केले. पुढे १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकी डॉक्टरांनी एक सिद्धान्त मांडला. योग्य रंगाचा प्रकाश अगदी थोड्या वेळापुरता सोडला, तर तो हव्या त्याच गोष्टीला तापवतो आणि आजूबाजूची कातडी वाचते. डागांच्या लेझरमध्ये प्रकाशाचा हा झटका सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरताच असतो. तेवढ्यात मेलॅनिनचे कण फुटतात. काही कण खपलीबरोबर पडून जातात, बाकीचे शरीर हळूहळू साफ करते.

इथेच आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट आहे. यंत्राला फक्त मेलॅनिन कळते. ते डागातले आहे की सावळ्या कातडीतले, हे त्याला कळत नाही. गोऱ्या कातडीसाठी लावलेला जोर आपल्या कातडीवर तसाच वापरला, तर भाजते. नंतर त्या जागी आधीपेक्षा काळा डाग पडतो किंवा पांढरा ठिपका राहतो. म्हणून सावळ्या कातडीवर लांब लहरीचे यंत्र, कमी जोर आणि दोन वेळांमध्ये जास्त दिवस ठेवावे लागतात. हे जाणणारा माणूस यंत्रामागे असला पाहिजे.

कोणत्या डागाचे काय?

वयाचे डाग: चाळिशी-पन्नाशीनंतर गालावर, हाताच्या पाठीवर येणारे सपाट तपकिरी ठिपके. वर्षानुवर्षे खाल्लेल्या उन्हाचा हा परिणाम. लेझरने हे चांगले जातात, बहुतेकदा एक ते तीन वेळांत. पण ऊन तसेच राहिले तर नवे येतात.

लहानपणापासूनचे बारीक ठिपके: नाकावर, गालावर विखुरलेले, उन्हाळ्यात गडद होणारे. हे घराण्यातून येतात. लेझरने फिके होतात, उन्हाने परत येतात. यांनी कसलाही त्रास होत नाही.

तपकिरी लासे: जन्मतः किंवा लहानपणी दिसणारा, दुधाच्या चहाच्या रंगाचा सपाट डाग. याचा भरवसा देता येत नाही. काहींचा जातो, अनेकांचा काही महिन्यांत परत उमटतो. कुणी 'कायमचा घालवतो' म्हणत असेल तर सावध व्हा.

डोळ्याभोवतीचा निळसर-राखाडी डाग: कपाळ, डोळा आणि गालाच्या एकाच बाजूला असतो, कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागातही दिसतो. ओटा या जपानी डॉक्टरांनी १९३९ साली याचे वर्णन केले. आशियाई लोकांत तो जास्त आढळतो. हा डाग खोलवर असतो, तरी लेझरला चांगली दाद देतो. मात्र महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने अनेकदा जावे लागते. असा डाग असेल तर डोळ्याचा दाब तपासून घ्या, कारण यात काचबिंदूचा धोका असतो.

बाळाच्या पाठीवरचे निळे डाग: नवजात बाळाच्या कमरेवर, ढुंगणावर निळसर चट्टे असतात. आपल्याकडे ते अगदी नेहमीचे आहेत. बहुतेक बाळांत ते काही वर्षांत आपोआप जातात. काहीही लावू नका.

वांग: हा सर्वांत जास्त बायकांना होणारा आणि सर्वांत जास्त फसवणुकीचा डाग. दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी पट्टे येतात. ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि घराण्यातला वारसा ही त्याची कारणे. वांगावर लेझर हा पहिला उपाय नव्हे. लेझरने तो उलट गडद होऊ शकतो, आणि फिका झाला तरी परत येतो. त्याला आधी उन्हापासून आडोसा आणि डॉक्टरांनी दिलेले मलम लागते. धीरही लागतो.

गालावरचे काळे बारीक उंचवटे: यांना आपण तीळ किंवा चामखीळ म्हणतो. ते निरुपद्रवी असतात. काढायचेच असतील तर त्वचारोगतज्ज्ञ साध्या यंत्राने काढतात. चुना आणि सोडा लावून ते जाळण्याची पद्धत मात्र बंद करा. त्याने कातडी खोलवर जळते आणि आयुष्यभराचा व्रण राहतो.

हा डाग नाही, इशारा आहे

काही खुणा पुसायच्या नसतात, वाचायच्या असतात.

मुलाच्या अंगावर दुधाच्या चहाच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नसांवर गाठी येणाऱ्या एका आनुवंशिक आजाराची ती खूण असू शकते.

मान आणि काख काळी, जाड, मखमलीसारखी झाली असेल, तर तो मळ नाही. घासून जाणार नाही. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. रक्तातली साखर तपासून घ्या.

फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे टोचलेले, गरम-गार कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करा. सरकारी आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळते आणि आजार पूर्ण बरा होतो. लपवल्याने हातापायाला कायमची इजा होते.

तीळ वाढत असेल, रंग बदलत असेल, त्यातून रक्त येत असेल, तर थांबू नका. सावळ्या माणसांत कातडीचा हा कर्करोग कमी आढळतो. पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. प्रसिद्ध गायक बॉब मार्ले १९८१ साली गेले, ते पायाच्या अंगठ्यात सुरू झालेल्या अशाच कर्करोगाने. अनवाणी चालणाऱ्यांनी आणि गमबूट घालून काम करणाऱ्यांनी अधूनमधून तळपाय पाहायला हवा.

आणि एक गोष्ट. गरोदरपणी ग्रहणात काही चिरले म्हणून बाळाला लासे आले, असे आजही सुनेला ऐकवले जाते. लासे पोटात वाढणाऱ्या बाळाच्या कातडीतल्या पेशींमुळे येते. त्यात आईचा दोष नाही, ग्रहणाचाही नाही.

स्वस्त क्रीम सर्वांत महाग

लेझर परवडत नाही म्हणून अनेक जण मेडिकलमधून ट्यूब आणतात. त्यातल्या कित्येकांत बेटामेथासोन, मोमेटासोन यांसारखे स्टेरॉइड असते. आठवडाभरात चेहरा उजळतो, म्हणून शेजारीण शेजारणीला सांगते. काही महिन्यांनी कातडी पातळ आणि लाल होते, उन्हात आग होते, पुरळ आणि लव येते. ट्यूब बंद केली की त्रास आणखी वाढतो. केंद्र सरकारने २०१८ साली अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी ती काउंटरवर सहज मिळतात. कुणी बराच काळ वापरत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ती सोडवा.

त्याहून घातक आहेत नाव-पत्ता नसलेल्या डबीतली गोरेपणाची क्रीम. त्यांत पारा असू शकतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत एक दुर्मीळ प्रकार सापडला, आणि त्या पंधरापैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. डाग चेहऱ्यावरचा, आणि किंमत मोजली मूत्रपिंडाने.

लेझर करायचेच असेल तर

आधी निदान, मग यंत्र. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे.; पुण्यात ससून; नागपुरात मेडिकल आणि मेयो; छत्रपती संभाजीनगरात घाटी. केसपेपर काढून आधी तिथे डाग दाखवा. पुष्कळदा मलमावर काम भागते.

खासगी ठिकाणी गेलात तर हे विचारा: डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ आहेत का, त्यांचा नोंदणी क्रमांक काय? लेझर ते स्वतः चालवणार की दुसरे कुणी? माझा डाग कोणत्या प्रकारचा? किती वेळा यावे लागेल, एका वेळचा आणि एकूण खर्च किती? आधी लहानशा जागेवर करून पाहणार का? सगळ्या वेळांचे पैसे एकदम भरू नका. एका वेळेलाच काही हजार लागू शकतात, त्यामुळे एकूण आकडा ऐकल्याशिवाय कर्ज काढू नका.

लेझर करताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा किंवा झाकण असलेच पाहिजे. प्रत्येक झटक्याला रबर ताणून सोडल्यासारखे चटकते. नंतर साधारण आठवडा-दहा दिवस खपली राहते. ती नखाने काढू नका. त्यानंतर काही आठवडे ऊन कटाक्षाने टाळावे लागते. भाजीच्या गाड्यावर, नाक्यावर किंवा रस्ता झाडायच्या कामावर दुसऱ्याच दिवशी उभे राहायचे असेल, तर हे आधीच डॉक्टरांना सांगा. पैसे जाऊन डाग वाढण्याची वेळ याच कारणाने येते.

रोजचा उपाय स्वस्त आहे. उन्हात छत्री, रुंद टोपी किंवा चेहरा झाकणारी सुती ओढणी. जमल्यास एसपीएफ ३० किंवा जास्तीचे सनस्क्रीन, दर दोन-तीन तासांनी. लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा चेहऱ्यावर नको.

१९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० साली नावातला 'फेअर' काढला. घराघरांतल्या पाहुण्यांच्या तोंडून तो अजून गेलेला नाही. ज्या डागाने मुलीला स्वतःला त्रास होतो, त्याच्यावर उपचार करायला काहीच हरकत नाही. पण मुलगी पाहायला आलेल्यांसाठी तिच्या सावळ्या रंगावर लेझर फिरवायला कुणी सांगत असेल, तर नकार द्या. सावळा रंग हा आजार नाही. कर्ज काढायचेच असेल, तर तिच्या शिक्षणासाठी काढा.